आप्पांच्या सगुणाचा फोटो

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावं लागणार नाही. माणूस कधीतरी तोंडघशी पडतोच. मी एका रविवारात तीनदा पडले, आणि तेही एका माशापायी.

मी बेळगावात हायस्कूलला शिकवते. माझे वडील, आप्पा, निपाणीत एकटे असतात. एकटे म्हणजे ते आणि सगुणा. सगुणा ही गोल्डफिश आहे. तळहाताएवढी, केशरी, शेपटीवर एक पांढरा ठिपका. आईनं ती आणली, नावही तिनंच ठेवलं. आई जाऊन आता चार वर्षं झाली. तेव्हापासून आप्पा सकाळी चहाचा कप घेऊन फिश टँकपुढं बसतात आणि सगुणाला पेपर वाचून दाखवतात. सगळा पेपर, अगदी श्रद्धांजलीच्या फोटोंसकट.

आप्पांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. द्यायचं काय? नवं धोतर दिलं की ट्रंकेत जातं, स्वेटर दिला की दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर दिसतो. मी ठरवलं, सगुणाचा मोठा फोटो काढून फ्रेम करून द्यायचा. त्याच सुमारास माझ्या भावानं पुण्यात नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. डिजिटल, चांगला जाडजूड, गळ्यात अडकवायचा. त्याला बटणं किती होती म्हणता? मला त्यातलं एकच कळत होतं.

त्या रविवारी आप्पा चिकोडीला एका साखरपुड्याला जाणार होते. म्हटलं, हीच वेळ. सकाळच्या बसनं निपाणी गाठली.

"मी न्हाय घरात आणि तू कशाला आलीस?" आप्पांनी चपला घालत विचारलं.

"आईचं कपाट आवरायचं हाय ओ, किती दिवस म्हणतेय."

"बरं. सगुणाला दुपारी चार दाणे घाल. पाच न्हाय."

ते गेले आणि मी कॅमेरा बाहेर काढला. पहिल्या फोटोत नुसता पांढरा गोळा. फ्लॅश काचेवर आपटून परत माझ्याच डोळ्यात आला होता. दुसऱ्यात सगुणाच्या जागी केशरी धूर. तिसऱ्यात मासा नाही, पण काचेवरचा पाण्याचा डाग मात्र इतका स्पष्ट, की पासपोर्टला चालला असता. तासाभरात दीडशे फोटो झाले. त्यातल्या एकात सगुणाची अर्धी शेपूट होती.

शेवटी शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांना फोन लावला. त्यांना फोटोतलं कळतं.

"बाई, आधी फ्लॅश बंद करा," ते म्हणाले. "खोलीत अंधार करा. मागं काळं कापड लावा. लेन्स काचेला टेकवा आणि उजेड फक्त वरून येऊ द्या. आणि ते बुडबुडे चालू असतील तर थोडा वेळ थांबवा."

मी सगळं केलं. खिडक्या लावल्या, हवेचा पंप बंद केला, टँकचं झाकण काढून खाली ठेवलं. काळं कापड मिळेना, म्हणून आप्पांचं घोंगडं टँकवर टाकलं आणि मी स्वतःही त्यात शिरले. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात वरून धरलेली बॅटरी. तोंडानं चालूच, "ये गं सगुणा, जरा हिकडं बघ, लाजू नको."

आणि ती खरंच आली. काचेशी येऊन थांबली. एवढी सुंदर, की मी श्वास रोखून धरला. आता घोंगडं ते घोंगडं. त्याची लव नाकात गेली आणि मला अशी सणसणीत शिंक आली, की हातातली बॅटरी थेट पाण्यात.

धबाक्‌ आवाज झाला. उसळलेलं पाणी अर्धं माझ्या अंगावर, अर्धं फरशीवर. घोंगड्यातून कशीबशी बाहेर पडले, खिडकी उघडली आणि टँककडं बघितलं. बॅटरी तळाशी आडवी पडलेली. सगुणा नाही.

झाकण तर मीच काढलं होतं. म्हणजे बाहेर उडाली. मी फरशीवर पालथी पडले. सोफ्याखाली बघितलं, टीपॉयखाली झाडणी घातली, आप्पांच्या जुन्या चपलेतसुद्धा बघितलं. काही नाही. मग दाराकडं लक्ष गेलं. उंबऱ्यावर शेजारच्या शांताक्कांची मनी बसली होती. मांजर. डोळे मिटून, निवांत, मिशा चाटत.

आईनं आणलेला मासा. त्याला पेपर वाचून दाखवणारे आप्पा चार तासांत घरी येणार होते. तिथंच बसले आणि रडायला लागले.

माझा आवाज ऐकून शांताक्का धावत आल्या. मी ओलीचिंब, खोलीभर पाणी, मध्ये घोंगडं. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. मी नुसतं मांजरीकडं बोट केलं.

"न्हाय गं बाई, माझी मनी असलं करायची न्हाय."

"मग ती मिशा का चाटतेय?"

शांताक्का मनीकडं बघत राहिल्या. हळूहळू त्यांचाही चेहरा उतरला. "आप्पांच्या घरातला मासा," त्या खाली बसत म्हणाल्या. "आता मी त्यास्नी तोंड कसं दाखवू?"

उपाय त्यांनाच सुचला. स्टँडजवळ मासे विकणारं एक दुकान आहे. आम्ही दोघी रिक्षा करून तिथं गेलो. दुकानदाराला मी म्हणाले, "केशरी पाहिजे, एवढा, शेपटीवर पांढरा ठिपका."

"अक्का, ठिपका कुठल्या बाजूला पाहिजे?" त्यानं विचारलं. बिचारा मनापासून विचारत होता. चाळीस माशांतून त्यानं एक शोधून दिला. थोडा लहान होता.

"चालतंय," शांताक्का म्हणाल्या. "आप्पास्नी चष्म्याबिगर काय दिसतंय?"

घरी आलो. बॅटरी काढली, पाणी भरलं, पंप लावला, फरशी पुसली, घोंगडं गच्चीवर वाळत टाकलं. नवी सगुणा टँकमध्ये गोल गोल फिरायला लागली. आम्ही दोघींनी चहा टाकला. तो उकळेपर्यंत दारात आप्पा उभे. साखरपुडा लवकर आटोपला होता.

आले ते सरळ टँकपुढं खुर्चीवर बसले. काचेवर दोनदा बोटानं टकटक केलं. "सगुणा."

नवी काही जवळ येईना.

"रुसलीय वाटतं," आप्पा म्हणाले आणि पुन्हा टकटक केलं.

टँकच्या भिंतीकडच्या टोकाला एक मातीचं गाडगं आडवं ठेवलेलं आहे, तोंड भिंतीकडं. शोभेचं. त्यात मी बघितलंच नव्हतं. घाबरलेल्या माणसाला तेवढं सुचतं होय? त्या गाडग्यातून आधी एक तोंड आलं, मग अंग, मग पांढऱ्या ठिपक्याची शेपूट. सगुणा शांतपणे आप्पांच्या बोटापाशी येऊन थांबली.

आप्पांनी खिशातला चष्मा काढून लावला. एकदा हिच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, मग माझ्याकडं.

आता तुम्हीच सांगा, खरं सांगून टाकायला काय हरकत होती? पण माझ्या तोंडातून काय निघालं, तर, "आप्पा, सगुणाला पिल्लू झालंय."

"सकाळी मी गेलो तवा न्हवतं," आप्पा म्हणाले.

"न्हवतं."

"आणि दुपारपतूर एवढं झालं. ठिपक्यासकट."

आप्पांनी चष्मा पुसून परत लावला.

"शाळंत तू काय शिकवतीस गं?"

"विज्ञान," मी म्हणाले.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या शांताक्कांना टँकमध्ये दोन मासे दिसले. त्यांचा आनंद त्यांच्या पोटात मावेना. "म्हंजे माझ्या मनीनं खाल्लं न्हाय व्हय!"

मग सगळंच बाहेर आलं. कॅमेरा, घोंगडं, बॅटरी, रिक्षा. मी सांगत होते आणि आप्पा मान हलवत ऐकत होते. सांगता सांगता मला परत रडू आलं. म्हटलं, "आईचा मासा होता ओ. मला वाटलं, मी घालवला."

आप्पांनी चहाचा कप माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "तुझ्या आईनं तर हिला पहिल्याच दिवशी बादलीसकट मोरीत ओतलं हुतं. जाळीवर अडकली म्हणून वाचली. लई चिवट हाय ही." आणि हात पुढं केला. "बघू तो कॅमेरा. बटण कुठलं?"

मी दाखवलं. आमच्याकडं हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध टँक ठेवलाय, त्यामुळं दोन्हीकडून आरपार दिसतं. हे दोन मासे एकमेकांशी भांडतायत की काय, ते बघायला मी पलीकडच्या बाजूला जाऊन वाकले. खिडकीतून उन्हाची तिरीप टँकवर आली होती. आप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. एकदाच.

खवलं न् खवलं दिसतंय हो त्या फोटोत. वाढदिवसाला मी तोच मोठा करून फ्रेममध्ये घालून दिला, दुसरा होताच कुठं? डावीकडं सगुणा, उजवीकडं नवी, आणि दोघींच्या मध्ये काचेपलीकडं मी. डोळे वटारलेले, तोंडाचा चंबू.

ती फ्रेम आता निपाणीच्या हॉलमध्ये लावलीय. परवा कोणी पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, "आप्पा, मासे किती हायत तुमच्याकडं?"

"हितं दोन," आप्पा म्हणाले. "तिसरी बेळगावात असती."