राखीवर दिलेल्या खोल्या

"एकदाव राखी बांधी दे, मंग भाडं वाढस नही."

मी जिन्यावर होते. खाली नळाशी दोन नंबरच्या खोलीतली बाई तीन नंबरमध्ये नुकत्याच राहायला आलेल्या बाईला समजावत होती. एकदा राखी बांधली की भाडं वाढत नाही. हंडा भरेपर्यंत तिने पुढचंही सांगून टाकलं. "मालक साधा मानूस शे. बहीनले कोन म्हनस, खोली खाली कर?"

मालक म्हणजे माझे वडील. राखीपौर्णिमा चार-पाच दिवसांवर आली होती.

सुरतेतल्या गोडादऱ्यात आमचं घर पुढे आणि मागे एका ओळीत पत्र्याच्या चार खोल्या. वडील डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये होते. प्लेगच्या वर्षी सुरत सोडून पळालेले लोक परतायला लागले तेव्हा खोल्यांसाठी माणसं दारोदार फिरत होती, ते पाहून त्यांनी साठवलेलं सगळं त्या खोल्यांत घातलं. म्हातारपणाची सोय, असं ते म्हणत. तीन खोल्या भाड्याने गेल्या. तिन्ही आमच्या गावाकडच्या, खानदेशातल्या कुटुंबांना. पुरुष लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात कामाला, बायका घरी साड्यांना लेस लावायच्या.

चार नंबर माझी होती. निदान तसं ठरलं होतं. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष संपलं की तिथे मी गल्लीतल्या मुलांना इंग्रजी शिकवणार. मोठ्या माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण लहान मुलांशी मी तासन् तास बोलू शकते, हे मला शेजारच्या मुलांचा अभ्यास घेताना कळलं होतं. आणि वडिलांनी कबूल केलं होतं की शिकवणी चालली तर लग्नाचं एवढ्यात बघायचं नाही. त्यामुळे त्या दहा बाय दहाच्या खोलीकडे मी जितक्या आशेने बघायचे तितकं दुसऱ्या कशाकडेच बघत नव्हते.

नळावरचं बोलणं मी आईला सांगितलं. आईने जेवताना वडिलांना सांगितलं. वडील हसले.

"म्हनजे त्या मतलबथीन राखी बांधतीस?" आईने विचारलं.

"मतलबनी का असेना. बांधी ते बांधी," वडील म्हणाले, आणि त्यांनी भात मागून घेतला.

पौर्णिमेला तीन नंबरची बाई ताट घेऊन आली. एक आणि दोन नंबरच्या आदल्या वर्षीच बहिणी झाल्या होत्या. वडिलांनी ओवाळणीत साडी घातली, आणि त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत गोंडे लोंबू लागले. त्यांची सख्खी बहीण धुळ्याकडे, कित्येक वर्षांत आली नव्हती. त्या दिवशी ते खरंच खूश होते, म्हणून मला जास्तच चीड आली.

आई भांडी घासता घासता म्हणाली, "लगीनमा एकच नणंद भेटनी व्हती. आते घरबसल्या तीन भेटन्यात."

गंमत म्हणून ती हे बोलली, पण नणंदा म्हटल्यावर नणंदांचे हक्क आलेच. दिवाळीआधी तिन्ही खोल्यांना रंग हवा झाला. भाडेकरूने रंग मागितला तर मालक म्हणतो, भाडं वाढवतो. बहिणीने मागितला तर भाऊ रंगाऱ्याला बोलावतो. दोन नंबरला गुलाबीच हवा होता. एक नंबरने भिंतीत खुंट्या ठोकून पोपडे काढले आणि नंतर आईलाच म्हणाली, "वहिनी, तुमन्या भिंती कच्च्या शेत." तीन नंबरने शेगडी लावली, विजेची. मीटर एकच, आमच्या नावावर. वेगळी छोटी मीटरं बसवा, असं मी एकदा कागदावर लिहून वडिलांच्या उशाशी ठेवलं. तोंडाने सांगण्याइतकं धैर्य नव्हतं. वडील म्हणाले, "बहीनना घरमा मीटर लावाना? बरं दिसस का?"

समोरच्या गल्लीत एक गुजराती काका होते. त्यांच्याही खोल्या होत्या, आमच्यापेक्षा जास्त. ते स्वतःच्या गावच्या माणसाला खोली देत नसत, हा त्यांचा पहिला नियम. तीन महिन्यांचं डिपॉझिट आधी, किल्ली नंतर. अकरा महिन्यांचा कागद, आणि कागद संपायच्या महिनाभर आधीच नवं भाडं सांगून मोकळे. प्रत्येक खोलीला वेगळं मीटर. दर दिवाळीला प्रत्येक खोलीत स्वतः जाऊन भिंती, नळ, दाराच्या कड्या बघायचे. हे सगळं ते मला का सांगत कोण जाणे. बहुधा मी मधे बोलत नसे म्हणून.

"बेटा, भाडूतने चा नहि पिवडावानी," ते ओट्यावर बसून सांगत. "चा पिवडावी एटले ए मेहमान. मेहमान पासे भाडु मंगाय?"

भाडेकरूला चहा पाजला की तो पाहुणा होतो, आणि पाहुण्याकडे भाडं कसं मागणार? आमच्याकडे तर साड्या नेसवल्या जात होत्या. आज मला कोणी विचारलं, दोन-तीन खोल्या बांधून भाड्याने द्यायच्यात, काय करू, तर मी काकांचंच सगळं सांगते, फक्त चहाचं सोडून. कारण त्या कोरडेपणाचं टोकही मी पाहिलं होतं: भाडं द्यायला कोणी दोन दिवस उशीर केला की ते खोलीच्या नळाचं पाणी बंद करत, आणि बाया रिकामे हंडे घेऊन आमच्या नळावर येत. मग आमची आई मोटर लावून त्यांचेही हंडे भरून देई. म्हणजे काकांच्या शिस्तीचा भुर्दंडही आम्हीच भरत होतो. मला दोन्ही घरांचा राग यायचा. मधलं काहीतरी असेल ना, चहाही आणि कागदही? पण हे विचारायचं कोणाला.

तोवर माझ्या तीन आत्या झाल्या होत्या, आणि मला त्याचा अर्थ कळायला जरा उशीरच झाला. वडिलांची बहीण म्हणजे आत्या. आमच्याकडे भावाची मुलगी सून म्हणून मागायचा पहिला मान आत्याचा. नाही म्हणायचं झालं तरी हळू, चार वेळा पाणी विचारून. मी कॉलेजातून आले की दोन नंबरची आत्या दारात बसून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची. "इंग्रजी शिकनी नि मुकी व्हयनी," असं ती मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची. मग एक नंबर म्हणायची, "मुकी चांगली. सासूले उलटी बोलाव नही." दोघी हसायच्या. घरात बाकी सगळे अहिराणी बोलायचे, फक्त मी उत्तरं पुस्तकातल्या मराठीत द्यायचे, आणि तीही जेमतेम. त्यामुळे त्यांना वाटायचं, हिला कळतच नाही.

परीक्षा झाली. गल्लीतल्या चार घरांतून शिकवणीचं विचारून गेले. मी चार नंबर धुतली, एक जुनी सतरंजी आणली, भिंतीवर काळा रंग मारून फळा केला. तो फळा वाकडा झाला होता. वडिलांनी येऊन बघितला आणि "वा" म्हणाले. आता फक्त शाळा उघडायची वाट बघत होते.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. गावाकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. आमच्या तिन्ही आत्यांना कामामुळे गावी जायला जमलं नाही, म्हणून माहेर आमच्याच अंगणात भरलं. लिंबाच्या फांदीला दोर बांधला. आईने सकाळपासून चूल पेटवून खापर, म्हणजे पालथं मातीचं भांडं, तापत ठेवलं होतं आणि हातावर पुरणाची पोळी पसरत होती. घामाने तिचं पातळ पाठीला चिकटलं होतं. नणंदांना माहेरी आल्यावर काम सांगत नाहीत. त्या झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या, आणि एक नंबर मधेच म्हणाली, "वहिनी, पुरन जरा पातळ झाये."

आईने पुढची पोळी खापरावर टाकली. मी पुरण भरलेल्या गोळ्यांवर फडकं टाकत होते.

बाकीच्यांची जेवणं झाली, आम्हा दोघींच्या पोळ्या अजून व्हायच्या होत्या. दोन नंबरची आत्या उठली आणि बाहेरून एका तरुणाला घेऊन आली. त्याच्या एका हातात लोखंडी पेटी होती, खांद्यावर वळकटी. तो तिच्या दिराचा मुलगा. सुरतेजवळ हजीऱ्याला एका कंपनीत नव्याने लागला होता. त्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि जमिनीकडे बघत उभा राहिला. पेटी मात्र त्याने थेट चार नंबरच्या उंबऱ्याशी ठेवली होती, म्हणजे त्याला आधीच सांगितलेलं होतं.

"दादा," आत्या वडिलांना म्हणाली, "आखाजीले बहीनले रिकाम्या हातथीन धाडतस नही."

वडील खाटेवर पान लावत होते. त्यांनी चार नंबरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"तठे पोरगीनी ट्युशन शे," ते म्हणाले. तेवढं तरी म्हणाले.

"त्या कितल्या पोरं! गच्चीवर बसतीन."

गच्चीवर सावली नव्हती, आडोसा नव्हता. उन्हात खाली ठेवलेला तांब्या हाताला चटका देई, आणि पाऊस सुरू झाला की तिथे कपडेसुद्धा वाळत नसत. मला वाटलं वडील हे सांगतील. त्यांनी सुपारी कातरली.

"गच्ची बी चाली," ते म्हणाले आणि उशाखालून किल्ल्या काढल्या.

आत्या खुशीत आली. "नि दादा, मी काय म्हनस, पोरगा घरमाच राही. तुमले दिसी, कसा शे. पसंत पडना ते पोरगीले लांब धाडानं काम नही. बापना आंगनमाच संसार." एक नंबर झोक्यावरून हसली. तीन नंबरही हसली. "आत्यानी भाची मांगी शे, दादा. नही म्हनू नका."

"तिले इचारी ले," वडील म्हणाले.

"तिले काय इचारानं? ती ते बोलसच नही."

पुन्हा हसू. आईचे हात खापरावर थांबले होते, पोळीची कड करपत होती, तिने ती उलटली नाही. ती माझ्याकडे बघत होती. त्या तरुणाचा चेहरा लाल झाला होता. तोही कोणाच्यातरी सांगण्यावरून इथे उभा होता, हे उघड होतं. त्याचं मला वाईट वाटलं, पण खोलीइतकं नाही.

वडिलांनी किल्ली पुढे केली. आत्याचा हात पुढे आला. मी पिठाच्या हातानेच मधे गेले आणि किल्ली घेतली. झोक्याचा कुरकुरणारा दोर थांबला. मला एवढंच कळत होतं की आता बोलले नाही तर जूनमध्ये मी गच्चीवर, आणि वर्षभरात या पेटीशेजारी.

"आत्या," मी म्हणाले, "चार नंबर रिकामी नाही. शाळा उघडल्या की तिथे माझी मुलं शिकायला येणार आहेत. ह्यांना खोली हवी असेल तर समोर काकांकडे आहे, तीन महिन्यांचं डिपॉझिट लागेल. आणि माझ्याबद्दल विचारायचं असेल तर पप्पांना विचारू नका, मला विचारा. माझं उत्तर नाही असं आहे."