नाथूला ढकलायचं नाय

फॉल-पिकोवाल्या काकूंची मशीन चालू असली की गोष्ट बंद, आणि मशीन थांबली की गोष्ट चालू. औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या दुकानात साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून आम्ही गल्लीतली पोरं बॉबिन संपायची वाट बघत बसायचो. काकू नवा दोरा भरत भरत नाथूचं पुढचं सांगायच्या. दोरा भरून झाला की खलास.

नाथू म्हणजे त्यांनीच रचलेला पोरगा. एका राक्षसी वटवाघळानं गावातला सगळा उजेड नेऊन किल्ल्यात कोंडलेला, आणि किल्ल्याचा दरवाजा फक्त नाथूच्या हाकेनं उघडणार. सगळं गाव मागं लागलेलं, आणि हा आपला एकच म्हणायचा, "मी नाय. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

आम्ही जाम वैतागायचो. माझा भाऊ म्हणायचा, "काकू, तलवार द्या ना त्याला एखादी."

"तलवारीनं भ्या जातं व्हय रे? तू तर झुरळ बघून पलंगावर चढतो."

"मग ढकला त्याला आत," मी म्हणायचे.

काकू तोंडातली टाचणी काढायच्या. "ढकललेलं पोरगं आत जातं गं. पण कुणाला संगं घेऊन जात नाय."

शेवटी मोठ्या मुश्किलीनं नाथूनं दरवाजा उघडला. मागं गावातली पोरं, समोर काळाकुट्ट रस्ता. आणि नेमकं तेव्हाच काकूंचं पुण्याला लेकाकडं राहायला जायचं ठरलं. मशीन टेम्पोत चढली तरी आम्ही विचारतोय, गेला का आत?

"त्याचं अजून ठरलं नाय," म्हणाल्या, आणि गेल्या. लई राग आला होता.

मागच्या दिवाळीत मामाकडच्या पोरांना घेऊन दौलताबादला गेलो. तिथं किल्ल्यातच तो अंधारा रस्ता आहे ना, अंधेरी, त्याच्या तोंडाशी धाकटी चिऊ रडायलाच लागली. वटवाघळांचा वास, आणि बाकीचे सगळे मशालवाल्याच्या मागं पळालेले. मलापण पळत जाऊन त्यांच्या मधोमध घुसायचं होतं. पण मग चिऊच्या मागं कोण?

"तू पुढं हो," मी म्हणाले, "मी मागंच आहे." आणि अख्खा रस्ता एकेकाचं नाव घेऊन हाका मारत गेले.

वर उजेडात आल्या आल्या काकूंना फोन लावला. "काकू, नाथू गेला आत."

पलीकडं मशीन चालूच होती. "पुढं व्हता का मागं?"

"सगळ्यात मागं. हाका मारत."

मशीन थांबली.

"मग सांग की," काकू म्हणाल्या, "पुढं काय झालं?"