पळकुट्या आकृत्या

वाफेच्या इस्त्रीयंत्रांच्या कारखान्यात माहितीपुस्तिका तयार करणाऱ्या बाईंना सगळे पुस्तिकाबाई म्हणतात. त्या मजकूर लिहितात, मध्ये आकृत्यांच्या खुणा टाकतात. पानं संगणक लावतो आणि पीडीएफ काढतो. आकृती कुठे बसणार हेही तोच ठरवतो. जागा पुरली नाही की ती पुढच्या पानावर जाते. हे साहेबांना समजावण्यात बाईंची उमेद खर्ची पडली आहे.

"दिवसभर करतेस तरी काय?" सासूबाईंनी एकदा विचारलं होतं.

"चित्रं जागेवर बसवते."

"मग एवढी दमतेस कशाने?"

परवा फिटर चाचणी आटोपून आला तो चिंब भिजून. ओलं पान त्याने बाईंच्या टेबलावर आपटलं.

"वहिनी, पाणी सोडायच्या सूचनेखाली जी झडप दाखवलीय ती उघडली. वाफेची निघाली! यंत्र थंड होतं म्हणून नुसतं पाणी उडालं. तापलेलं असतं तर हात गेला असता माझा."

वाफेच्या झडपेची आकृती आधीच्या पानावर मावली नव्हती. पुढच्या पानावर जाऊन ती भलत्याच सूचनेखाली बसली होती. आणि यंत्र त्याच दुपारी गिऱ्हाइकाकडे निघणार होतं, पुस्तिकेसह.

बाईंनी आकृतीला हलू नकोस अशी खूण घातली. आकृती आपल्या सूचनेमागोमाग आली, पण ती मावेना म्हणून पुढचा मजकूरही तिच्यासोबत पुढच्या पानावर गेला आणि आधीचं अर्धं पान कोरं पडलं. नेमके तेव्हाच साहेब आले.

"कोरे कागद विकतो का आपण?"

"आकृती मावत नाही, साहेब."

"लहान करा."

"मग झडपेवरचा बाण दिसत नाही."

"अहो, माउसने उचलून वर ठेवा ना! माझी मेहुणी तिच्या जाहिरातीत ठेवते."

"मेहुणीला बोलवा. मी घरी जाते."

साहेबांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि पहिल्या पानावरचा एक परिच्छेद उडवला. कोरी जागा भरली. साहेब खूश. बाईंनी पुढची पानं दाखवली: तेल घालायच्या सूचनेपाशी आता विजेच्या बटणाचं चित्र होतं.

"मी तिथे हातसुद्धा लावला नाही!"

"तुम्ही मागून ढकललंत. पुढचे सगळे हलले."

बाईंनी परिच्छेद परत घातला. मग प्रत्येक सूचना आणि तिची आकृती एका न तुटणाऱ्या चौकटीत कोंबली. गेली तर जोडी जाईल. कोऱ्या जागा वाढल्या. साहेबांकडे न बघता त्यांनी फिटरला नवी प्रत दिली आणि यंत्रापाशी नेलं.

"वाच. झडपेवर हात ठेव. उघडू नकोस, बाबा."

फिटर वाचत गेला, हात ठेवत गेला. एकदाही चुकला नाही.

"निदान त्या रिकाम्या जागांत कंपनीचं बोधचिन्ह टाकू या," साहेब म्हणाले.

"तेही चित्रच आहे, साहेब."

साहेबांनी खिशातून पेन काढून प्रतीवर मंजुरीची सही केली. बाई छापायला गेल्या.