बाराचा भूकंप होत नाही

भूकंपालाही पायरी ओळखून वागायला लावील असा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि तो आमच्या वाट्याला आला आहे: हिचे मामा. बँकेतून निवृत्त झाल्यावर कुणी भजनी मंडळात जातं, कुणी कलमांना खत घालतं. मामांनी पृथ्वीचं कवच मनावर घेतलं. रविवारी नखं काढताना कापलेला तुकडा उजेडात धरून ते सांगतात, "आठवड्यात हिंदुस्थान एवढा उत्तरेला सरकला." तो तुकडा घरातल्या सगळ्यांनी बघितल्याशिवाय केरात जात नाही. एका लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या पानातली पुरणपोळी आपल्या पोळीवर ढकलून त्यांनी हिमालय उभा केला होता. शेजारी बिचारा तूप घ्यायचं विसरून ऐकत बसला. मामांचा उत्साहच असा की रागवायचं राहून जातं.

मध्यंतरी कोयनेकडचा एक हादरा आला. भांडी वाजली, आणि पाठोपाठ मोबाइलवर निरोप फिरला की आता बारा रिश्टरचा येणार. सगळी आळी अंगणात येऊन बसली. मामा एक जुना पंचा घेऊन आले आणि सर्वांसमोर टर्रकन फाडला. "जेवढं फाटतं, तेवढाच आवाज. पंचा संपला की फाटणं संपलं. बाराला लागणारी चीर पृथ्वीवर मावतच नाही, मग आणायची कुठून?" लोक हसले आणि आपापल्या घरी गेले.

मागे राहिली ती आक्का, मामांची थोरली बहीण. ती विधवा, हे विधुर, घरात दोघंच. मुंबईचा मुलगा तिला कायमचं बोलावून थकला होता, पण त्याच्या बाविसाव्या मजल्यावर भूकंप झाला तर काय, या धास्तीपायी ती जात नव्हती. तिने विचारलं, "मग मुंबईतपण बारा येणार नाय?"

नुसतं 'सांगता येत नाही' म्हटलं असतं तरी ती जन्मभर इथेच राहिली असती. मामांना ते कळलं होतं. त्यांचा चेहरा मी बघत होतो.

"नाही गो आक्का. लहानमोठा बसेल, तो इथेही बसतो. बारा नाही."

महिन्याभरात ती मुंबईला मुलाकडे गेली. मी म्हटलं, "मामा, जरा फिरवून सांगायचं होतंत."

"भूकंपाबद्दल खोटं सांगू?" ते म्हणाले. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तितकंच वाईटही वाटलं.

आता इकडे जमीन जराशी हलल्याची बातमी लागली की आक्काचा लगेच फोन येतो. मग तो हादरा किती छोटा होता, कुठून आला, हे मामा तिला सावकाश समजावून सांगतात. परवा गेलो तर ते पडवीत मोबाइल घेऊन बसले होते.

"बऱ्याच दिवसांत एकही आला नाही हो, जावईबापू," ते म्हणाले.