पाठमोरी बसून निवडलेले व्हॉल्व्ह

मुलांनो, तुम्ही पाठवलेल्या नव्या व्हॉल्व्हचं काय झालं, असं रविवारी फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. ते बरं केलं नाही, म्हणून आज लिहिते.

तुमच्या आजोबांच्या माघारी त्यांच्या ॲम्प्लिफायरचा आवाज पातळ झाला होता, तरी त्यांनी बसवलेले ते काचेच्या नळ्यांसारखे व्हॉल्व्ह काढायला माझं मन घेईना. शेवटी शिरोड्याहून एक मेकॅनिक आले. नाव विचारायचं राहिलंच. चष्मा कपाळावर चढवलेला, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह उपसताना त्याला हळूच "ये रे बाबा" म्हणायचे.

"काकी, पाठ करून बसा. डोळ्यांनी बघल्यात तर कान खोटा बोलतत. आवाज बरो वाटलो की हात वर करा."

मी भिंतीकडे तोंड करून बसले, वर्गात शिक्षा झाल्यासारखी. त्यांनी जुनी आणि नवी जोडी आलटून पालटून लावली, दर वेळी मीटरवर करंट जुळवला आणि तीच तबकडी वाजवली. तिसऱ्या वेळी तंबोरा खोलीभर पसरला, ऊबदार, अगदी पूर्वीसारखा. मी हात वर केला. हे जुनेच, अशी माझी खात्री होती.

वळून पाहिलं तर तुमचे नवे! माझा चेहरा पडला. आजोबांशी बेइमानी केल्यासारखं वाटलं.

ते बघून मेकॅनिक म्हणाले, "अगो काकी, नवो व्हॉल्व्ह म्हणजे काय नवो घोव नाय!"

नवा नवरा! मी इतकी हसले की हातातला चहा सांडला.

जुने व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून कपाटात ठेवलेत. ॲम्प्लिफायरची पेटी, ट्रान्सफॉर्मर आणि आजोबांनी स्वतः केलेलं वायरिंग तेच आहे, आणि रोज संध्याकाळी वाजतं.