साका निघाला का?

स्वतः पिकवलेल्या आंब्यावर आमच्या दाजींइतका अविश्वास अख्ख्या जुन्नर तालुक्यात दुसऱ्या कुणी दाखवला नसेल. दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. लेण्याद्रीच्या अंगाला त्यांची हापूसची बाग. नव्वदच्या सुमारास सगळ्यांनी कलमं लावली तशी त्यांनीही लावली. बाकीचे लावून मोकळे झाले. दाजींची मात्र त्या दिवसापासून झोप उडाली, आणि नात्यात असल्यामुळं थोडी आमचीही.

मोहोर आला की दाजी काळी छत्री उलटी उघडून झाडाखाली धरत आणि फांदीला टिचक्या मारत. छत्रीत तुडतुडे किती पडतात, भुरीची पांढरी पूड दिसते का, हे बघायचं असे. देवदर्शनाला निघालेले लोक थांबून बघत आणि काही न विचारता पुढं जात. आभाळ आलं की घरात मोठ्यानं बोलायची चोरी. एकदा भावकीतल्या एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला आम्ही नदीवर ताटकळलो होतो. पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, लोक हात जोडून म्हाताऱ्याच्या राहिलेल्या इच्छा एकेक करून आठवू लागले. दाजी कावळा बसलेल्या आंब्याकडं एकटक बघत होते. मला वाटलं, गहिवरले असतील. तर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पावणं, त्या फांदीला करपा हाय. लई पसरलाय. कावळा बसलाच कसा तिथं?" त्या दिवशी घरी जाताना त्यांनी म्हाताऱ्याच्या मुलाला सांत्वनाऐवजी औषधाचं नाव सांगितलं.

आंबे उतरवायला लागले की मग विचारूच नका. झेल्यानं, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीनं, काढलेला प्रत्येक आंबा देठासकट हवा, चीक सालीवर ओघळता कामा नये, आणि फळ तापल्या जमिनीला टेकलं की दाजींच्या लेखी ते गेलंच. पेंढ्याची आढी माजघरात लागायची, कारण घरातली तेवढीच खोली गार. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घोडेगावहून जायचो ते पडवीत घामाघूम होऊन झोपायला; पंखा आंब्यांना. निघताना दाजी पेटी द्यायचे, निवडक, एकसारख्या आंब्यांची. पण ती पेटी म्हणजे डोक्याला ताप. आठवडा उलटायच्या आत दाजी एसटीनं घोडेगावात हजर, आणि उंबऱ्यातूनच विचारणार, "साका निघाला का?" साका म्हणजे बाहेरून सोन्यासारख्या दिसणाऱ्या हापूसच्या पोटात, कोयीजवळ, होणारा आंबट पांढरट गर. नाही म्हटलं तर त्यांना खरं वाटायचं नाही, हो म्हटलं तर जेवण जायचं नाही. मी शाळामास्तर, वर्गातल्या पोरांच्या प्रश्नांनी आधीच शिणलेला असायचो, त्यात हा एक परीक्षक.

या सगळ्यात अक्काचं काय, हे कुणी विचारलं नव्हतं. चांगला आंबा पावण्यांचा, हा त्या घरचा नेम. घरातल्यांनी खायचा तो पडका, डागी, पाखरानं टोचलेला. अक्का विळीवर बसून किडका भाग काढून टाकायची आणि उरलेलं सगळ्यांना वाटायची. एकदा ती माझ्या बायकोला सहज म्हणाली, "बाग आमची हाय खरी, पन अख्खा आंबा माज्या वाट्याला कदी आला न्हाई बग." बायको गप्प बसणाऱ्यातली नव्हे. तिनं दाजींना तोंडावर सुनावलं.  पुढच्या हंगामात दाजींनी विहिरीजवळचं एक झाड अक्कासाठी राखलं. त्या झाडाला पावण्यांनी हात लावायचा नाही. फळं सुपारीएवढी झाल्यापासून दाजी त्यांच्यामागं होते. वर्तमानपत्राच्या पिशव्या शिवून त्यांनी एकेका फळाला बांधल्या. वळवाच्या गारांनी निम्मं झाड झोडपलं तेव्हा ते भिजत विहिरीवर उभे होते म्हणे. उरलेल्या फळांपैकी मोजकीच त्यांच्या पसंतीला उतरली.

ती पिकली तेव्हा आम्ही तिथंच होतो. दाजींनी एक आंबा धुऊन, धोतराच्या सोग्यानं पुसून अक्काच्या हातात दिला. कुठं ठिपका नाही, सुरकुती नाही. "अख्खा हाय. खा," एवढंच म्हणाले. अक्कानं विळी पुढं ओढली, आंबा फिरवून बघितला, आणि देठाजवळचा चांगला जाड काप काढून वासराच्या घमेल्यात टाकून दिला.

"अगं, तिथं काय व्हतं?" दाजी जवळजवळ ओरडले.

अक्का घमेल्याकडं बघतच राहिली. मग ओशाळून हसली. "काय न्हाई वो. हात आपुआप चालला."

राहिलेला आंबा तिनं सावकाश खाल्ला. ग्वाड हाय म्हणाली. दाजींनी दुसरा पुढं केला तर तिनं तो पेंढ्यात नीट ठेवून दिला. "बास की. कोन आलं-गेलं तर लागत्याल."

"तुज्यासाठीच हायेत ते," दाजी म्हणाले. अक्काशी इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"हां, मग माजेच की," अक्का म्हणाली, आणि उठून चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही घोडेगावच्या एसटीत बसलो तेव्हा बायकोच्या मांडीवरच्या पिशवीत तेच आंबे होते. अक्कानं भरले होते. दाजी नको म्हणाले नाहीत. नुसते स्टँडवर उभे राहिले. घरी येऊन आम्ही ते कापले. एकातही साका नव्हता. इतका गोड हापूस मी आजवर खाल्लेला नाही.