दगडूने वेसण सोडली

फौजेतून परतलो, आता आमच्या शहापूरकडच्या शेणव्यात लोक विचारतात, लडाखात काय पाहिलंस? मी सांगतो, याक. हसतात. हसू द्या. चौथीपर्यंतच शिकलो, पण जनावर ओळखतो.

तिकडं गाय खालच्या गावातच. जरा वर गेलं की झो, म्हणजे याक आणि गाय यांची पैदास. त्याच्याही वर, जिथं फौजेची गाडी जात नाय, तिथं फक्त याक. केस पोटाखाली लोंबणारे. हंबरत नाय, नुसता घुरघुरतो. खाली गरमीत आणला तर आजारी पडतो. आमची पोस्ट वर होती. रॉकेल, रेशन, सगळं त्याच्याच पाठीवर यायचं.

लान्स नायक दगडू माझ्या सेक्शनला. मुरबाडकडचा. याकाची मान रोज खाजवायचा. मी म्हणायचो, "सोयरीक जमवतोस काय रे?"

"तुमा शहापूरवाल्यांपेक्षा बरा हाय. बोलत तरी नाय."

एका पहाटे आम्ही खाली तळावर असताना पोस्टवरून वायरलेस आला. "जवान सीरियस. ऑक्सिजन पाठवा. ओव्हर." हवा खराब, हेलिकॉप्टर उडालं नाय. याकावर दोन सिलिंडर बांधले आणि सहाला निघालो. मी, दगडू आणि याकवाला नोरबू.

पोस्टच्या अलीकडं याक थांबला. नोरबू म्हणाला, "रुको साब. ये रुका तो हम भी रुकेंगे."

दगडूच्या डोक्यात वरचा जवान. आमच्याकडं भाताच्या चिखलणीत बैल अडला की पुढं होऊन वेसण धरून ओढतात. त्यानं तेच केलं. मी थांब म्हणेपर्यंत बर्फ फुटला. खाली भेग होती.

वेसणीचा दोर धरून तो लोंबकळला. याक पाय रोवून उभा, नाकातून रक्त.

"सोडू नको," म्हणत मी दोरखंड काढायला धावलो. त्यानं वर याकाकडं बघितलं आणि हात सोडला.

सिलिंडर पोचले. जवान वाचला.

साहेब म्हणाले, ऑक्सिजन वाचवायला त्यानं हात सोडला. मुरबाडला जाऊन दगडूच्या आईला मी वेसणीचं, याकाच्या रक्ताचं सगळं सांगितलं, आणि साहेबांचं म्हणणंही. ती गोठ्यात शेण भरत होती. हात न धुता खाली बसली. तिनं विचारलं.

"त्या जनावराचं नाक फाटलं काय रे?"

"नाय, आये. वाचलं."

"मग त्यासाठीच सोडलंन त्यानं. बैलाला वेसण घालायची तर हा अंगणातून पळून जायचा. बघवत नसे त्याला."

मी कुणाचं सहसा ऐकत नाय. तिचं ऐकलं. आता कुणी विचारलं तर एवढंच सांगतो. लान्स नायक दगडू, तालुका मुरबाड. जनावराचं नाक फाटू नये म्हणून गेला.